तिसरा गिअर

लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं की मुलगा गाड्यांच्या कामात आहे. गाड्यांच्या कामात म्हणजे नक्की काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही आणि मला तर नाहीच नाही. लग्नानंतर पहिल्यांदा दोघंच बाहेर पडलो, तेव्हा वाटलं होतं की बागेत नेतील, नाहीतर तळ्यावर. यांनी मला नेलं ते चार रस्ते मिळतात त्या चौकात, सिग्नलजवळच्या कठड्यावर. तिथे आम्ही दिवे लागेपर्यंत बसलो. समोरून गाडी आली की हे तिच्याबद्दल सांगायचे. हिचा दरवाजा लावताना कसा घट्ट आवाज येतो, तिचं स्टिअरिंग किती जड आहे, त्या लाल गाडीची मागची काच इतकी लहान की मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. मी नवी नवरी, पायात नवी चप्पल, टाचेला फोड आलेला. मनात म्हटलं, माणूस वेडा आहे, पण निदान बाटलीचं वेड नाही.

हे एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात गाड्या लावतात. जमिनीखाली दोन मजले, नुसते खांब आणि गाड्या. वर दाराशी गाडी येऊन थांबते, आतून घाबरीघुबरी माणसं उतरतात, कुणी आईला धरलेलं, कुणी बायकोला, आणि किल्ली यांच्या हातात टाकून आत पळतात. हे त्यांच्या हातात टोकन ठेवतात, गाडी उतारावरून खाली नेतात आणि दोन खांबांच्या मधे लावून ठेवतात. जिथे दुसऱ्या कुणी नाद सोडला असता तिथे हे एका दमात गाडी घालतात, तीही उलटी, आणि मग पोट आत ओढून दाराच्या फटीतून बाहेर सरकतात. बरोबरची माणसं यांना 'इंचपट्टी' म्हणतात. मधे एकदा यांनी संध्याकाळचं जेवण कमी केलं होतं. शेजारीण म्हणाली, किती जपतात तब्येतीला. कसली तब्येत, आमचे हे दाराच्या फटीसाठी बारीक होत होते.

रोज घरी आले की हातपाय धुवायच्या आधी गाड्यांच्या गोष्टी सुरू. आज अमुक आली होती, आज तमुक आली होती. कोणाचा क्लच वर उचलतो, कोणाचा खाली. कोणाच्या गाडीत अत्तराचा वास, कोणाच्या गाडीत ओल्या कुत्र्याचा. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मी कपडे दुरुस्त करायच्या दुकानात मशीनवर बसते, दिवसभर पँटी लहान कर, शर्ट मोठा कर. घरी येऊन मला शांतता हवी असायची आणि घरात इंजिन सुरू. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. गाडी खाली नेताना यांना सीट पुढेमागे करावी लागायची, कारण यांचे पाय आखूड. काम झालं की हे सीट पुन्हा होती तिथे आणून ठेवायचे, आरसाही तसाच. एकदा मी विचारलं, एवढा कशाला खटाटोप, तो करून घेईल की. तर म्हणाले, वरून कोण कसली बातमी घेऊन खाली येईल सांगता येत नाही. निदान सीट तरी आपली सापडावी.

मग इस्पितळाने यंत्र आणायचं ठरवलं. लोखंडी पाळणे, वर वर चढणारे. माणसाने गाडी पाळण्यात सोडायची, कार्ड दाखवायचं आणि निघून जायचं. यंत्र ती उचलून कप्प्यात ठेवणार. तळघरात त्या यंत्राचे खांब रोवायला सुरुवात झाली आणि यांना व बरोबरच्यांना सांगण्यात आलं की वर्षअखेरीपर्यंत काम आहे, पुढचं आपापलं बघा. हे घरी येऊन त्या यंत्राबद्दलही कौतुकानेच सांगायला लागले, किती टन उचलतं, किती गुळगुळीत फिरतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, अहो, ते तुमच्या पोटावर पाय देणार आहे आणि तुम्ही त्याचं कौतुक काय करताय?

माझा भाऊ बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात मुकादम आहे. तो लगेच म्हणाला, भावोजींना आमच्या फाटकावर बसवतो, आत येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायचे, बाकी काही नाही. खुर्ची आहे, पंखा आहे. मला वाटलं सुटलो. हे मात्र 'बघू' म्हणाले. यांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

आणि त्याच आठवड्यात आमची लेक ती जाहिरात घेऊन आली. ती एका दातांच्या डॉक्टरकडे स्वागताला बसते. तिच्या रस्त्यावर गाड्यांची मोठी शोरूम आहे, काचेला कागद लावला होता: गाड्यांवर मनापासून प्रेम करणारा माणूस हवा. काम असं की गिऱ्हाईक गाडी बघायला आलं की त्याला ती समजावून सांगायची, आधी आपण एक फेरी मारून दाखवायची, मग त्याला चालवायला द्यायची आणि शेजारी बसायचं. वयाची अट नाही, परवाना हवा. लेक म्हणाली, बाबा, हे तुमच्याचसाठी लिहिलंय. यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी यापूर्वी फक्त लेक जन्मली तेव्हा पाहिलं होतं. मी आपलं कारखान्याच्या पंख्याचं म्हणत राहिले, पण माझं ऐकतो कोण.

रविवारी दुपारी दोघं अर्ज लिहायला बसले. ती विचारायची, हे सांगायचे, ती फोनवर लिहायची. मी कोपऱ्यात बटणं लावत होते आणि ऐकत नसल्याचं सोंग करत होते. यांनी सांगितलं की लहानपणी गॅरेजच्या मागे चाकं काढलेली एक गाडी पडून होती, शाळा सुटली की हे तिच्यात बसायचे आणि अंधार पडेपर्यंत स्टिअरिंग फिरवायचे, घरून हाक आली की म्हणायचे, पोचतोच. हे मी कधी ऐकलं नव्हतं. रोज एवढं बोलणारा माणूस, पण ही गोष्ट ठेवून दिलेली. लेकीने ती जशीच्या तशी लिहिली. सीट परत जागेवर आणून ठेवण्याचं लिहिलं. मग तिने पुढचं वाक्य मोठ्याने म्हणत लिहिलं, गाडी चालवण्याचा तीस वर्षांचा अनुभव.

हे चष्मा काढून पुसायला लागले. म्हणाले, "चालवण्याचा असं लिहायचं का?"

"मग काय लिहू बाबा? रोज चालवताच की."

हे थोडा वेळ चष्माच पुसत बसले आणि मग म्हणाले, असू दे. मी बटणाचा दोरा दाताने तोडला आणि अर्ज पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचायला लावला. ऐकताना माझे डोळे भरून आले. आपल्याच नवऱ्याची अशी ओळख करून घ्यायची वेळ यावी, याचा रागही आला. त्या दिवसापासून मी पंख्याचं नाव काढलं नाही. उलट भावालाच फोन करून सांगितलं की आमच्या यांना तुझ्या खुर्चीची गरज पडणार नाही.

शोरूममधून बोलावणं आलं. लेकीने ते दवाखान्यात डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना सांगितलं. फोनवरच्या बाईंनी अर्जाची फार तारीफ केली होती. म्हणाल्या, भेटायला या, थोडं बोलू आणि मग रस्त्यावर एक फेरी मारू. हे ऐकल्यापासून यांची तहानभूक हरपली. ताटावरून उठायचे, खिडकीशी जाऊन उभे राहायचे. गाड्यांची गोष्टही काढेनात. मी समजले की परीक्षेची धास्ती असणार, या वयात कुणाला नसते.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी हे माझ्या दुकानात आले. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते. मालक जेवायला गेलेले, मी एकटीच होते, मशीनवर एका जाड कोटाची बाही होती. हे गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी कधी तिसरा टाकलेला नाही."

मला काही कळेना. कसला तिसरा?

मग यांनी समजावून सांगितलं, जसं रोज सांगतात तसंच, शांतपणे. तळघरात ताशी दहाच्या वर गाडी न्यायची नाही, तशी पाटीच आहे. उतारावर पहिला गिअर, सपाटीवर फार तर दुसरा, आणि मग रिव्हर्स. दारापासून खांबापर्यंत आणि खांबापासून दारापर्यंत. शहरात आलेली प्रत्येक गाडी यांच्या हातून गेली असेल, पण इस्पितळाच्या फाटकाबाहेर एकही नाही. परवाना काढला तो मैदानात आठचा आकडा काढून. त्यानंतर रस्त्यावर एकदाही नाही. एकदाही नाही म्हणजे नाहीच.

मी मशीनवरचा पाय काढला. मग मला हसू आलं. आमच्या घरात गाडी नाही. आम्ही बसने जातो, लांबचं असेल तर रिक्षाने. माझ्या माहेरच्यांनी, यांच्या भावंडांनी, लेकीने, सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की यांच्यासारखा गाडीवाला शोधून सापडणार नाही. लग्नकार्यात कुणाची गाडी अडकली की यांनाच हाक. हे जायचे, ती अलगद काढून द्यायचे आणि किल्ली परत करायचे. पुढे कोण घेऊन गेलं, याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. माझंसुद्धा नव्हतं, आणि मी तर या माणसाबरोबर संसार केला.

मी विचारलं, इतक्या वर्षांत कधी संधीच आली नाही का? म्हणाले, आली की. डॉक्टरांच्या गाड्या घरी पोचवायच्या असायच्या, पेट्रोल भरून आणायचं असायचं. हे प्रत्येक वेळी दुसऱ्याला पाठवायचे.

"का पण?"

"भीती वाटायची," हे म्हणाले. "खाली समोरून कुणी येत नाही गं. सगळे एकाच बाजूने जातात."

मला राग आला तो अजून आठवतो. म्हटलं, मग हे त्या अर्जाच्या वेळी बोलायला काय झालं होतं? तेव्हा तोंडात मूग गिळून का बसलात? यावर हे म्हणाले की पोरगी इतक्या हौसेने लिहीत होती. आणि मग म्हणाले की लिहून झाल्यावर ते वाचलं, तर आपल्याला स्वतःलाही खरंच वाटलं.

मी म्हटलं, मालकांची माल पोचवायची व्हॅन आहे, मी त्यांच्या हातापाया पडते, संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर सराव करा. हे म्हणाले, एका संध्याकाळीत तीस वर्षं कुठून आणू? मग मी म्हटलं, फोन करून खरं काय ते सांगा आणि मोकळे व्हा. त्यावर हे माझ्या हातातल्या कोटाची बाही चाचपायला लागले. म्हणाले, हातापायांना सगळं ठाऊक आहे, आतून प्रत्येक गाडी ओळखीची आहे, एकदा बाहेर पडलो की होईल. आणि नाही झालं तर वर्षअखेरीनंतर आपण गाडीत बसणार तरी कधी? पोरीला मात्र काही सांगू नकोस.

मी यांचा उद्याचा शर्ट मागवून घेतला आणि कॉलर उलटवून शिवून दिली.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेऊन बरोबर गेले. लेक कामावर जाताना यांच्या पाया पडली आणि म्हणाली, तुम्हीच त्यांना शिकवून याल. हे हसले. ते हसू मला पाहवेना.

शोरूम म्हणजे सगळीकडे काच आणि खाली आरसा असावा तशी फरशी. मॅनेजरबाई आमच्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, बोलायला गोड. यांनी तोंड उघडलं आणि माझी अर्धी भीती पळाली. समोर उभ्या गाडीभोवती यांनी त्यांना फिरवून आणलं. म्हातारी माणसं कोणत्या बाजूने सहज बसतील, मूल कडेवर असताना दार कसं उघडायचं, पावसाळी दिवसात आतून काच का धुरकटते, हे असं सांगत होते की बाजूचे दोन विक्रेतेही येऊन उभे राहिले. बाई म्हणाल्या, काका, मला असंच बोलणारा माणूस हवा आहे. मी देवाचं नाव घेतलं. इथेच संपू दे, म्हटलं.

पण त्यांनी किल्ली काढली. हल्ली बऱ्याच गाड्यांना गिअर नसतात, या गाडीला होते. बाई शेजारी बसल्या आणि मला म्हणाल्या, काकू, तुम्ही मागे बसा. गिऱ्हाइकाच्या घरची माणसं मागे असतातच, मला बघता येईल.

मी मागे बसले. दार लागलं तेव्हा तो घट्ट आवाज आला, चौकातल्या कठड्यावर यांनी सांगितलेला. आणि मग माझ्या ध्यानात आलं की हे चालवताहेत त्या गाडीत मी आज पहिल्यांदा बसते आहे.

फाटकापाशी हे थांबले. रस्ता मोकळा होता तरी थांबले, आणि काच खाली करून हात बाहेर काढला, रिकामाच. मला कळलं, बाईंना कळलं नाही. तीस वर्षं गाडी वर दाराशी आणली की टोकन परत घ्यायला यांचा हात असाच बाहेर जातो. यांनी हात आत घेतला आणि गाडी रस्त्यावर आणली.

पहिला, मग दुसरा. गाडी दुसऱ्यात ओरडायला लागली. दुकानं मागे जात होती, बस शेजारून गेली तेव्हा यांचे खांदे कानांपर्यंत वर आले. आरशात मला यांचे डोळे दिसत होते, पापणी हलत नव्हती. बाई हळूच म्हणाल्या, काका, तिसरा टाका. यांनी टाकला. आणि यांचे खांदे खाली आले. ओठ थोडे उघडे राहिले. तसा चेहरा मी पूर्वी पाहिलेला नव्हता, म्हणून त्याला काय म्हणावं मला माहीत नाही. मी मागच्या सीटवर दोन्ही मुठी आवळून मनात म्हणत होते, असंच चला, असंच चला, वळू नका, थांबू नका.

पुढे उड्डाणपूल लागला. चढ संपताना पुढच्या गाडीने एकदम ब्रेक मारला, तिच्याही पुढे काहीतरी अडलं होतं. यांनीही ब्रेक मारला. गाडी आचके देऊन बंद पडली. एवढंच झालं असतं तर काही बिघडलं नसतं, नवशिक्याचंच काय, कुणाचंही होतं. मागून भोंगे सुरू झाले. यांनी गाडी पुन्हा सुरू केली, आणि यांच्या हाताने तेच केलं जे तो आयुष्यभर करत आला होता. गाडी थांबली की रिव्हर्स.

आम्ही मागे जायला लागलो. पुलावर, भर गर्दीत, उलटे. मी मागे वळून पाहिलं तर काचभर ट्रकचं तोंड. मी ओरडले की नाही आठवत नाही. बाईंनी हँडब्रेक ओढला आणि ट्रकही कसाबसा थांबला. ट्रकवाला खाली उतरून जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो बोलला त्यातलं निम्मं खरं होतं.

यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. मग आपणहून दार उघडून उतरले आणि माझ्या शेजारी मागे येऊन बसले. बाईंनी गाडी परत आणली. शोरूमशी पोचल्यावर यांनीच सांगितलं, सगळं, तळघर, दुसरा गिअर, मैदानातला आठचा आकडा. बाईंनी मधे न बोलता ऐकलं. म्हणाल्या, "काका, तुमचं बोलणं ऐकून मी तुम्हाला आजच ठेवून घेणार होते. पण माझ्या गिऱ्हाइकांची बायकामुलं मागे बसतात." यात त्यांची काहीच चूक नव्हती. मला त्यांचा राग करायचा होता, तो करायलाही जागा ठेवली नाही त्यांनी.

तेवढ्यात त्यांना आत कुणीतरी बोलावलं. गाडी फाटकात तिरकीच उभी होती, येणाऱ्याची वाट अडवून. यांना ते पाहवेना. यांनी विचारलं, "लावून देऊ?" दोन नव्या गाड्यांच्या मधे जागा होती, यांच्या दृष्टीने ऐसपैस. बाई दारात थबकल्या. क्षणभरच, पण थबकल्या. म्हणाल्या, राहू द्या, आमचा माणूस लावेल. त्यांचा माणूस आला, गाडी पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. हे तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले. पुलावर मला रडू आलं नव्हतं, ते इथे आलं.

संध्याकाळी लेक मिठाईचा पुडा घेऊनच आली. मी तिला दारातच गाठणार होते, काहीतरी थाप मारून वेळ निभावून नेणार होते. यांनी मला बाजूला केलं.

"बाळा, मी तीस वर्षं गाड्या लावल्या," हे म्हणाले. "चालवल्या नाहीत. तुला सांगायला हवं होतं."

तिला समजायला माझ्याइतकाच वेळ लागला. मग तिचा चेहरा पडला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, मी सगळ्यांना सांगितलंय बाबा. एवढंच. पुडा टेबलावर ठेवून ती तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. दुसऱ्या दिवशी बापलेक नेहमीसारखे बोलायला लागले, पण तिने यांना गाडीबद्दल काही विचारणं सोडून दिलं. तिने ते यांना जपण्यासाठी केलं आणि यांना ते शिक्षेसारखं लागलं.

हे कामावर जात राहिले. तळघरात खांब उभे राहिले, पाळणे आले. यांचं घरी येऊन बोलणं मात्र बंद झालं. येतात, हातपाय धुतात, जेवतात. इतकी वर्षं ज्या शांततेसाठी मी जीव टाकत होते ती मिळाली, तर मला घर खायला उठलं. एकदा मीच विचारलं, आज कोणती आली होती? म्हणाले, लोकांच्या गाड्या आल्या, लोकांच्या गेल्या.

वर्ष संपलं. मी भावाला पुन्हा फोन केला. माझंच आधीचं बोलणं गिळून फोन केला, त्याने ते काढून दाखवलं नाही, त्याचे उपकार आहेत. आता हे पाण्याच्या कारखान्याच्या फाटकावर बसतात. खुर्ची आहे, पंखा आहे. ट्रक आत येतो, नंबर लिहायचा. ट्रक बाहेर जातो, नंबर लिहायचा. भाऊ सांगत होता, भावोजी मान वर करून गाडीकडे बघतसुद्धा नाहीत, नुसता नंबर बघतात.

परवा रविवारी दुपारी लेक बाहेर गेली होती. मी घरीच एका गिऱ्हाइकाचा कोट घेऊन बसले होते, हे खिडकीशी. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. माझ्याच्याने राहवलं नाही. सुई टोचून ठेवली आणि म्हटलं, अहो, मला या मुकेपणाचा कंटाळा आलाय. तुमच्या गाड्यांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या, पण आता त्यांच्यावाचून मला करमत नाही. काहीतरी बोला.

हे खिडकीतून मागे वळले नाहीत. तिकडेच बघत म्हणाले, "त्या दिवशी तिसरा टाकला तेव्हा गाडीचा आवाज बदलला. ऐकलास तू?"

मला तेव्हा माझ्या छातीतल्या धडधडीशिवाय काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. "ऐकला," मी म्हटलं.

"मग सांग ना कसा होता. मला नीटसा आठवत नाही. मी घाबरलो होतो."

इतक्या वर्षांत यांनी मला गाडीबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. मी कोटाकडे पाहिलं. म्हटलं, जाड बाहीवर शिवण मारताना मशीन कसं कुरकुरत, अडत चालतं, आणि मग जाड कापड संपून पातळ अस्तर लागलं की आपण काही न करता ते आपोआप हलकं पळायला लागतं ना, तसा होता.

हे वळले आणि माझ्याकडे बघत राहिले. गुडघ्यावर ठेवलेला यांचा हात थोडा पुढे सरकला, जिथे गिअरची मूठ असते तिथे.

"हं," म्हणाले. "तसाच होता."